रस्त्याकडेचे दगड आणि आपला इतिहास
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. आपण एस.टी.ने, मोटारसायकलने किंवा पायी जातो तेव्हा रस्त्याच्या कडेला, चौकात, फाट्यावर काही दगड आणि फलक दिसतात. कुठे हुतात्मा स्मारक असते, कुठे चौकाच्या नावाची पाटी, कुठे पंचायत समितीच्या आवारातील स्तंभ, तर कुठे शेंदूर फासलेला जुना वीरगळ. आपण त्यांच्यापुढून रोज जातो. त्यांवर काय लिहिले आहे हे विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? आम्हीच हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना विचारून पाहिला आहे. चौकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण ते नाव कोणाचे आणि का दिले, येथे मात्र उत्तर अडते. म्हणून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अशा काही जागांविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले.

आधी थोडे मागे जाऊ. रस्त्याच्या कडेला दगड उभा करून त्यावर लोकांसाठी मजकूर कोरण्याची परंपरा आपल्या देशात सम्राट अशोकाने मोठ्या प्रमाणावर सुरू केली. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी तो लुंबिनीस स्वतः गेला आणि तेथे शिलास्तंभ उभारला. येथे बुद्ध जन्मले, म्हणून राजाने येथे येऊन पूजा केली आणि या गावाचा कर कमी केला, एवढाच त्यावरील मजकुराचा आशय आहे. जागा, घटना, उभारणाऱ्याचे नाव, आणि त्या जागेवर राहणाऱ्या लोकांना मिळालेला दिलासा, अशा चार गोष्टी त्यात आल्या. स्मृतिशिला कशी असावी याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, हा त्या आठव्या लेखाचा विषय आहे.

परंतु या परंपरेची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. रस्त्यांवर वडाची झाडे लावली, विहिरी खोदल्या, असे अशोकाने ज्या स्तंभावर लिहून ठेवले तो टोपऱ्याचा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीला आणविला. त्यावर काय लिहिले आहे हे त्याने विद्वानांना विचारले, पण एकालाही ते वाचता आले नाही. लिपीच विसरली गेली होती. ती पुन्हा वाचली गेली १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपच्या प्रयत्नाने. म्हणजे दगड जागेवर होता, अक्षरे शाबूत होती, तरी शेकडो वर्षे अशोक कोण हे या देशातील सामान्य माणसाला माहीत नव्हते. दगड टिकला म्हणून इतिहास टिकत नाही, तो वाचणारा समाज लागतो, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावी.

पुणे–नगर रस्त्यावरील कोरेगावच्या जयस्तंभाचेही तसेच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तो आपल्या फौजेच्या स्मरणार्थ उभारला. त्यावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी महार सैनिकांची नावे कोरलेली होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्यांनी ती नावे समाजाला वाचून दाखविल्यासारखे केले. तेव्हापासून त्या जागेवर दरवर्षी लोक येतात. सुमारे शंभर वर्षे उभ्या असलेल्या दगडाचा अर्थ वाचणारा भेटल्यावर पालटला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी तो धुळ्याचा भाग होता आणि इंग्रजी अमदानीत १९०६ पासून पश्चिम खानदेशात मोडत होता. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण आपल्या गावांचा जुना इतिहास शोधायचा तर 'नंदुरबार जिल्हा' या नावाखाली तो मिळणार नाही. १८८० चे खानदेश गॅझेटियर, पश्चिम खानदेशाचे कागद, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा ठिकाणी तो विखुरलेला आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील जवळजवळ सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज येथे राहतात आणि त्यांचा इतिहास बहुतांशी कागदावर आलेला नाही, तो तोंडी आहे. म्हणून येथे रस्त्याकडेच्या एकेका दगडाची किंमत इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे.

पहिली जागा नंदुरबार शहरातील माणिक चौक. येथील स्मारक सर्वांना माहीत आहे. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत ९ सप्टेंबर रोजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी ती अडविली आणि गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता हा बालवीर हुतात्मा झाला. त्याचा जन्म डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. शिरीषकुमारचे नाव आज महाराष्ट्रभर शाळेच्या पुस्तकांतून गेले आहे. पण त्या दिवशी तो एकटा नव्हता. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा ही आणखी चार नावे त्याच्या बरोबरीने घेतली पाहिजेत. ती वयाने तुमच्याएवढी किंवा तुमच्यापेक्षा लहान मुले होती. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी पाचही नावे न अडखळता सांगता येतील असे कितीजण आहेत? स्मारकापुढे हार घालणे सोपे असते. नावे पाठ असणे हे त्याहून मोठे अभिवादन आहे, असे आम्ही मानतो.

दुसरी जागा तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिचे नाव रावलापाणी. तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी आदिवासी समाजात मोठी सुधारणेची चळवळ उभी केली होती. लोक त्यांना गुला महाराज असेही म्हणतात. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मान द्या, असा त्यांचा उपदेश होता. भेटणाऱ्या प्रत्येकाला 'आप' म्हणायचे, म्हणून या पंथाचे नाव आप धर्म. ज्या समाजाला सावकारापासून शिपायापर्यंत सर्वजण अरेतुरे करीत, त्या समाजाने एकमेकांना 'आप' म्हणायला लागणे ही केवढी गोष्ट आहे, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दारू सुटली की दारूवाल्याचा धंदा बसतो, माणूस ताठ उभा राहिला की सावकाराची पकड सुटते. साहजिकच ही चळवळ अनेकांच्या डोळ्यांवर आली. गुलाम महाराज १९३८ साली गेले. त्यांच्यानंतर रामदास महाराजांनी ती पुढे नेली. सरकारने तिच्यावर निर्बंध घातले. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या अनुयायांवर इंग्रजी फौजफाट्याने गोळ्या झाडल्या. निःशस्त्र आदिवासी बांधव मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. तेथील खडकांवर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि लोक त्या आजही दाखवितात.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. ९ सप्टेंबर १९४२ आणि २ मार्च १९४३. दोन्हींमध्ये सहा महिन्यांचेही अंतर नाही. आजच्या हिशेबाने जिल्हा एकच आणि सरकार एकच. एका ठिकाणी शहरातील शाळकरी मुले, दुसऱ्या ठिकाणी डोंगरातील आदिवासी. पहिली घटना राज्याला ठाऊक झाली. दुसरी पुष्कळ वर्षे तळोदा-अक्कलकुव्याच्या बाहेर फारशी गेली नाही. शिरीषकुमारचा मान कमी करावा असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही, तो बालक सर्वांचा आहे. पण शहरात वर्तमानपत्र होते, लिहिता-वाचता येणारे लोक होते, चौक होता. रावलापाणीला खडक होता आणि लोकांची आठवण होती. कोणाच्या मृत्यूची नोंद होते आणि कोणाची होत नाही, हे मरणाऱ्याच्या शौर्यावर ठरत नाही. त्याच्या मागे लिहिणारे कोण होते यावर ते ठरते. हे आपल्या समाजाने फार सोसले आहे, म्हणून आपल्याला ते चटकन कळावे.

तिसरी जागा प्रकाशा. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव दक्षिणकाशी म्हणून प्रसिद्ध आहे. यात्रेकरू घाटावर स्नान करून परत जातात. परंतु याच गावाच्या पांढरीच्या टेकाडावर १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण युगातील, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्यावरच्या थरात लोखंड मिळाले आणि उत्तर भारतात बुद्ध व मौर्यकाळात प्रचारात असलेली काळी चकचकीत भांडीही मिळाली. या एका गोष्टीवरून प्रकाशाला बौद्ध केंद्र होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. भांडी व्यापाऱ्याबरोबरही येतात. पण तापीच्या खोऱ्यातून उत्तरेकडची माणसे आणि माल त्या काळी येथपर्यंत येत होता एवढे नक्की म्हणता येते. जेवढा पुरावा तेवढेच बोलावे. तथागतांनी कालामांना सांगितले तेही हेच, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पारखून पाहा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला नियम सापडणार नाही.

प्रकाशाहून शहाद्याकडे निघालो की चौथी जागा येते, आणि ती एका जागेपुरती नाही, सबंध तालुकाभर पसरलेली आहे. शहादा तालुका म्हणजे तापीकाठची काळी, सुपीक जमीन. ती जमीन भिल्लांच्या हातून कर्जापायी, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापायी गेली आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. या अन्यायाविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल समाजातील तरुण उभा राहिला. लोक त्यांना आदराने अंबरसिंग महाराज म्हणत. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यावरून झालेल्या संघर्षात आदिवासींवर गोळीबार झाला आणि प्राणहानी झाली. त्याने सबंध राज्याचे लक्ष शहाद्याकडे वेधले. बाहेरून शिकलेले तरुण कार्यकर्ते आले आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळाच्या त्याच दिवसांत आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार आणि घरातील उपासमार यांचे मूळ कोठे आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. अंबरसिंग महाराज १९७४ साली गेले. त्याच वर्षी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला. शहाद्याच्या रस्त्याने जाताना उसाची, केळीची हिरवी शेते दिसतात. त्या शेतांच्या बांधावर हा इतिहास घडलेला आहे. तो वाचायचा तर दगड शोधण्यापेक्षा त्या वस्तीतील सत्तरीच्या बाईपाशी जाऊन बसले पाहिजे.

पाचवी जागा अशी आहे की तेथे आता रस्ताच जात नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची तेहतीस गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. त्यांत मणिबेली हे महाराष्ट्रातील पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात तेथे पाणी शिरू लागले. जवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले. १९९४ साली जगातील ४४ देशांतील संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढले त्याला त्यांनी 'मणिबेली जाहीरनामा' असे नाव दिले. म्हणजे गाव पाण्यात गेले आणि त्याचे नाव जगभर गेले. त्या गावांतील कुटुंबे पुढे तळोदा-शहादा भागातील वसाहतींत आली. पण देवाचे ठिकाण, पूर्वजांच्या नावाने उभारलेले दगड आणि खांब, जत्रेची वाट, नदी उतरण्याची जागा, हे सर्व मागे राहिले. सातपुड्यातील भिल्ल समाजात मेलेल्या माणसाच्या नावाने दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची जुनी चाल आहे. ही त्यांची स्मारके. ती बुडाल्यावर कोणत्या खात्याने त्यांची मोजदाद केली असेल? घर, झाड, विहीर यांची भरपाई ठरविता येते. आठवणीच्या जागेला पंचनाम्यात रकाना नसतो. आता त्या जागा फक्त माणसांच्या डोक्यात आहेत आणि ती माणसे वृद्ध होत आहेत.

आता आपल्या समाजाला अधिक जवळच्या दोन जागा सांगतो. त्या आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आहेत, पण जुन्या खानदेशातीलच आहेत. एक लळिंगची. मुंबई–आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला लागतो आणि त्या जंगलात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले तेव्हा ते येथे राहिले होते. आज दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठ्या संख्येने लोक जमतात. हे लोकांनी स्वतः जपलेले स्मारक आहे. आधी माणसे दरवर्षी जात राहिली, त्यांनी ती तारीख आपल्या मुलांना सांगितली, म्हणून ती जागा राहिली.

दुसरी जागा चाळीसगावची. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष आणि बाबासाहेब एक सभासद. अस्पृश्य आणि आदिवासी, या दोघांचा प्रश्न त्या समितीपुढे एकत्र होता, हेही विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. त्या कामानिमित्त बाबासाहेब खानदेशात आले. धुळे लाइनवरील एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. महारवाडा तेथून दोन मैलांवर. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, पण अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्या नेत्याने पायी येणे लोकांना बरे वाटेना, म्हणून त्यांच्यापैकीच एकाने लगाम हातात धरला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरला टांगेवाल्याने नाकारले, हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिला आहे. त्यांनी तो लिहिला नसता तर ती मोरी म्हणजे इतर हजार मोऱ्यांसारखीच एक मोरी राहिली असती. लिहून ठेवण्याचे बळ ते हेच.

आता एक अगदी जवळचा दगड. स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हा, १९७२-७३ च्या सुमारास, देशभर विकासगटांच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभारण्यात आले. त्यांवर त्या भागातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे आणि पुष्कळ ठिकाणी भारतीय संविधानाची उद्देशिका कोरलेली आहे. पंचायत समितीच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात दाखला काढायला गेलात की असा स्तंभ आहे का ते पाहा. असल्यास उद्देशिका शब्दन् शब्द वाचा. तीत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द नसतील, तर तो कोरणाऱ्याचा दोष समजू नका. ते शब्द, आणि 'एकता' बरोबर 'एकात्मता', हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. त्यावरून दगड कोणत्या काळातील मजकुराचा आहे हे तुम्हांला तेथल्या तेथे सांगता येईल. ज्या संविधानाचे शिल्पकार बाबासाहेब, त्याचे पहिले पान सरकारी कचेरीच्या आवारात दगडावर कोरलेले असावे आणि त्याच्याकडे पाठ करून आपण दाखल्याच्या रांगेत उभे राहावे, हे शोभत नाही.

तर मग करायचे काय? येथे जमलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम सुचवितो. त्याला पैसा लागत नाही. एक वही आणि पेन्सिल पुरे, मोबाइल असला तर छायाचित्र आणि आवाजही टिपता येईल. आपल्या गावातील आणि शेजारच्या चार गावांतील प्रत्येक स्मारक, फलक, कोनशिला, वीरगळ यांची नोंद करा. पहिली गोष्ट, जागा नेमकी लिहा, म्हणजे कोणत्या रस्त्यावर, कोणत्या फाट्यापासून किती अंतरावर. रस्ते रुंद होत आहेत, आणि रुंदीकरणात हललेला दगड पुन्हा आपल्या जागी येईलच असे नाही. दुसरी, मजकूर जसाच्या तसा उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसह. तिसरी, कोणी उभारला आणि केव्हा. चौथी, त्यावर कोणाची नावे आहेत आणि गावातील लोकांच्या आठवणीत आहेत पण दगडावर नाहीत अशी कोणती. ही चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची समजा.

नंतर वृद्धांकडे जा. त्यांना सन विचारू नका, बहुतेकांना तो सांगता येणार नाही. दुष्काळाच्या आधी की नंतर, तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, धरणाचे पाणी आले त्याच्या किती पावसाळे आधी, असे विचारा. आपल्या वस्तीत विचारताना एक खूण हमखास उपयोगी पडते, ती म्हणजे १९५६ चे धर्मांतर. त्याच्या आधी की नंतर, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की आठवते किंवा त्यांच्या आईवडिलांकडून त्यांनी ऐकलेले असते. माणूस भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलत असेल तर त्याच भाषेत बोलू द्या आणि त्याच शब्दांत लिहा. ती भाषा येणारा वर्गमित्र बरोबर घ्या. आपण शुद्ध मराठीत लिहायला गेलो की त्या माणसाचे अर्धे म्हणणे गळून पडते. एकाच माणसाच्या सांगण्यावर थांबू नका. दोन घरी विचारा, जमल्यास कागदाशी ताडून पाहा. दोन सांगण्यांत फरक आला तर दोन्ही लिहा.

आणि हे करताना आपली वस्ती विसरू नका. आपल्या विहाराच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. पण त्या विहारासाठी विटा डोक्यावरून वाहिलेल्या बायांची नावे कोठे आहेत? वस्तीतील पहिला मॅट्रिक कोण, मुलीला पहिल्यांदा शाळेत कोणी घातले, मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडले तेव्हा गावाने काय केले, पिण्याच्या पाण्यासाठी कोणी मार खाल्ला, हे सर्व इतिहासातच मोडते. त्यासाठी बाहेरचा विद्वान येईल याची वाट पाहू नये.

हे काम निकडीचे का आहे, तेही सांगतो. रावलापाणीच्या गोळीबाराच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. अशी किती माणसे हयात असतील? शहाद्याच्या चळवळीतील तरुण सत्तरी ओलांडून गेले आहेत. मणिबेलीच्या बुडालेल्या वाटेवरून चाललेले पाय थकत आले आहेत. पुस्तक पुढच्या वर्षीही वाचता येते, ही माणसे पुढच्या वर्षी भेटतीलच असे नाही. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही कचेरीत अर्ज करून परत मिळणार नाही.

संस्थेलाही आमची एक विनंती आहे. विद्यार्थी जी नोंद करतील तिची एक प्रत संस्थेच्या वाचनालयात ठेवावी आणि दरवर्षीच्या स्मरणिकेत त्यातील चार पाने छापावीत. मोठ्या ग्रंथाची घाई नको. दरवर्षी चार पाने आली तरी दहा वर्षांत चाळीस पाने होतील, आणि ती चाळीस पाने या जिल्ह्याच्या कोणत्याही गॅझेटियरमध्ये नसलेली असतील. आदिवासी, बौद्ध आणि इतर सर्व समाजांतील मुलांनी मिळून ती लिहिली तर त्यांचे मोल आणखी वाढेल. स्टार्ट समितीपुढे आपले प्रश्न एकत्र होते, मग आपला इतिहास तरी वेगवेगळ्या वह्यांत का ठेवावा?

पुढच्या वेळी नंदुरबारच्या माणिक चौकातून, प्रकाशाच्या पुलावरून किंवा तळोद्याच्या रस्त्याने जाल तेव्हा गाडीतून उतरून दोन मिनिटे उभे राहा आणि दगडावर काय आहे ते मोठ्याने वाचा. बरोबर लहान भाऊ-बहीण असेल तर त्यालाही वाचायला लावा. एवढे जरी आपण केले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.



नमो बुद्धाय! जय भीम!